बंडीविना बहिरम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. माझ्या थोरल्या वहिनीचे. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्याकडे घरच्या सुनेचं नाव असं चारचौघांत घेत नसत, आणि छापून आलेलं तर तिला मुळीच आवडणार नाही. 'उपकार' हा शब्दही तिला आवडायचा नाही. पण खेड्यातून निघून बी.ए. झालेल्या आणि मास्तर म्हणून पोट भरणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सापडत नाही.

आईवडील मी लहान असतानाच गेले. घरात थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी तिच्या कमरेएवढा होतो. दादा शेतावर, मी शेतावर, असंच चाललं असतं. पण वहिनी आली आणि दिवाळीनंतर पहिल्याच कापसाच्या वेचणीत तिने मला बांधावरून परत पाठवलं. "बापू, तू शाळेत जाय. तुयी ओळ मी वेचतो." आमच्याकडे बायासुद्धा 'मी वेचतो' म्हणतात. ती मला बापू म्हणे. त्यानंतर मी मॅट्रिक होईपर्यंत दर वेचणीला माझ्या वाट्याची ओळ तीच वेचत आली. आपली संपवायची आणि मग सगळ्या बाया बांधावर पाणी प्यायला बसल्या की माझी धरायची.

हे करताना ती लंगडत असे. तिचं माहेर अंजनगावकडचं, पहाडाखालचं. घरचा पानमळा होता. लहानपणी नागवेलीची पानं खुडताना ती शिडीवरून पडली. डावा पाय मोडला, तो कोणीतरी बांधला आणि तो वाकडाच बसला. सपाट, टणक जमिनीवर ती चांगली चाले. रेतीत किंवा भुसभुशीत मातीत मात्र पाऊल वळे आणि घोटा सुजे.

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, अकोटच्या खाली, पूर्णेच्या उत्तर काठावर. तो सगळा खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी खारं, साबणाला फेस यायचा नाही. पावसाळ्यात नदी गोडी असे, पण पौषात धार बारीक झाली की तीही मचूळ लागे. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवली, चिमूटभर पापडखार घातला, तरी दुपारपर्यंत दाणा दाताखाली येतो. मीठ मात्र घालावं लागत नाही म्हटलं तरी चालेल. पाण्यातच असतं. वहिनी गोड्या पाण्याच्या गावातून आली होती. पहिली दोन वर्षं तिचं वरण खारट होई आणि गाव तिला हसे. मग तिचा हात आमच्या पाण्याला बसला.

आमच्या गावचे लोक दर पौषात बहिरमच्या यात्रेला पायी जात. बहिरम म्हणजे परतवाड्याच्या पुढे, बैतुलच्या सडकेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी टेकडीवर बसलेला शेंदूर-लोण्याने लिंपलेला देव. त्याला रोडग्यांचा नवस बोलतात. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण, आणि सगळ्यांना जेवू घालायचं. आमचा मेळा पूर्णेच्या काठाकाठाने वर जाई. मेळ्याचे पुढारी आमचे मोठबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. मागून त्यांची बैलबंडी पीठ, डाळ, भांडी घेऊन येई. चालता येईना तर बंडीत बसायला कोणाची ना नव्हती. पण एक नेम होता. बंडीत बसला, त्याचा नवस त्या साली फिटला नाही. पुढच्या साली पुन्हा चालायचं. मोठबांनी हा नेम स्वतःच्या बायकोलाही लावला होता.

बापू शाळा शिकून निघाला तर पायी येईन आणि माझ्या हातचे रोडगे घालीन, असं वहिनी बहिरमबुवाला बोलली होती. मी मॅट्रिक झालो त्या साली ती निघाली. पूर्णेला जिथे नाले मिळतात तिथे काठ तुटलेला असतो. खाली उतरायचं, गुडघाभर पाणी, मग पलीकडे लांबच लांब रेती. त्यातच आमच्या पाण्यामुळे डाळ शिजायला अर्धा दिवस जाई. जेवणं उरकली की मुक्काम गाठायला मेळा भर उन्हात पळत सुटे. असाच एका रेतीत वहिनीचा पाय वळला. घोटा एवढा सुजला की दादाने आणि मी तिला धरून बंडीत बसवलं. बहिरमला ती बंडीतून पोचली. टेकडीखाली एका कडुनिंबाला टेकून बसली आणि दुसऱ्यांचे रोडगे खाल्ले. मोठबा एवढंच म्हणाले, "पाय बरा होऊ दे. देव कुठी पळून नाई जात."

त्यानंतर मी अमरावतीला कॉलेजात गेलो. ती मात्र पुन्हा मेळ्याबरोबर निघाली नाही. मेळा निघायच्या दिवशी वेशीपर्यंत जायची, बंडी वळली की परत यायची. सुट्टीत घरी आलो असताना मी हे पाहिलं होतं. बोलत ती काहीच नसे. पण नवस आहे आणि तो राहिला आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बी.ए.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात दादाने गावभर गूळ वाटला. अकोल्याच्या एका शाळेत मला नोकरी लागली. आणि मार्गशीर्ष संपता संपता, नाताळच्या सुट्टीत मी गावी आलो, तेव्हा मोठबांच्या ओसरीवर मेळ्याची बैठक बसली होती. बाया आत, दाराआड. आमच्याकडे सून सासऱ्याशी किंवा मोठ्या सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. बोलायचंच झालं तर मध्ये कोणाला तरी धरून, आणि सासऱ्याला 'मामाजी' म्हणून.

मोठबा चिलीम बाजूला ठेवून म्हणाले, "काय मंग, बी.ए. साहेब? यंदा तुमच्या घरचा नवस मोठा. मंग वाट कोनती घ्याची तेबी तुमीच सांगा!"

लोक हसले. ही थट्टा होती, कारण वाट एकच होती.

मी म्हणालो, "पहाडाखालची घेऊ. अकोट, अंजनगाव, परतवाडा."

मोठबा पुढे सरकले.

"काहून?" मोठबा म्हणाले. "पूर्णामायनं तुयं काय घोडं मारलं?"

"वहिनीले रेतीत चालता येत नाई. तिकडं सडक हाय, टणक. वर चिंचेची झाडं हायत, सावली हाय. मी अमरावतीहून मोटारीनं जातो-येतो तवा पाह्यली."

"मोटारीतून पाह्यली!" मोठबांनी हात आपटला. "आयका रे! बसून पाह्यली वाट, आन् चालाची पायानं!"

सगळे पुन्हा हसले. मलाही हसू आलं, पण मी मागे सरलो नाही. खरं सांगायचं तर ती वाट मी एकदा नाही, चार वर्षं पाहिली होती. दर सुट्टीला खिडकीशी बसून मी सडकेकडे पाही आणि मनात वहिनीला तिच्यावरून चालवी. हा चढ तिला जमेल. या विहिरीवर ती टेकेल. या नाल्यावर पूल आहे. कॉलेजात मी काय काय शिकलो ते पुष्कळसं विसरलो आहे, पण ती सडक मला पाठ होती.

"आपल्या बापजाद्यांनी काठ सोडला नाई," मोठबा म्हणाले. "आपल्याले पूर्णेचंच पाणी लागते. तिकडचं पाणी फिक्कं. जेवन अळनी."

तेवढ्यात दाराआडून वहिनीचा आवाज आला. "बापू, मामाजीले म्हण, मले सडकेनं जाऊन पाहाचं हाय."

मोठबा दाराकडे न पाहता छताला म्हणाले, "तिले सांग, बैल माये हायत. माये बैल काठानंच जातीन. बंडी काई तिकडं येनार नाई."

"बापू, मामाजीले म्हण, बरं झालं. बंडीच नाई तं बसाची कशात?"

आधी शेजारची काकू हसली. तिचं हसू दाराआडून ओसरीवर आलं आणि मग कोणालाच आवरेना. मोठबांनी चिलीम घेतली आणि तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

असे आम्ही चौघे वेगळे निघालो. दादा, वहिनी, मी आणि शेजारची काकू. काकू विधवा, जिभेची तिखट, गुडघ्यांनी बेजार. "रेतीत मायी बी हाडं मोडते," ती म्हणाली, "पर मी म्हटलं असतं तं कोन आयकलं असतं? आता बी.ए.नं म्हटलं तं वाट झाली!" बाकी सगळा मेळा मोठबांबरोबर काठाने गेला. बंडी नव्हती, म्हणून पीठ आणि डाळ आम्ही वाटून पाठीवर घेतली. वहिनीच्या एका हातात बाभळीची काठी, डोक्यावर मिठाचं आणि तिखटाचं गाठोडं. याहून जड काही आम्ही तिला घेऊ दिलं नाही.

अकोटपर्यंतची वाट काळ्या मातीतली, चाकोऱ्यांची, ती तिला जडच गेली. अकोटच्या पुढे मात्र सडक लागली. डाव्या हाताला निळा पहाड, उजवीकडे कापसाची रानं, मध्ये केळीच्या आणि संत्र्यांच्या बागा. वहिनीने सडकेवर पाय ठेवला, चार पावलं चालली, थांबली, काठीने सडक ठोकून पाहिली. "हे चांगलं हाय," म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका मळ्याच्या विहिरीवर उतरलो. मोट चालू होती. पाटाचं पाणी घेऊन वहिनीने आणि काकूने चूल मांडली. रोजच्यासारखी डाळ लवकर चढवली, रोजच्यासारखा पापडखार घातला, रोजच्यासारखी मिठाची जेमतेम दोन-चार बोटं लावली. आणि दोघी निवांत पडल्या, कारण डाळ शिजायला दुपार. दादा आणि मी पाटात पाय सोडून बसलो.

थोड्याच वेळात मळेवाल्याची बायको ओरडली, "व बाई, तुमचं वरन चाल्लं न उतू!"

पळत जाऊन पाहतो तर डाळ नव्हतीच. पिवळी पेज होती. दाणा नावाला उरला नव्हता. काकूने डाव बुडवून वर धरला आणि पाण्यासारखी धार खाली पडली.

"बुढ्यासाठी केलं का व हे?" काकू म्हणाली. "दात नसले तरी चालते!"

आम्ही ते पानात घेतलं. दादाने घास घेतला, वहिनीकडे पाहिलं, आणि पुन्हा पानाकडे पाहिलं. वरण अळणी होतं. चव म्हणून नव्हती. मिठाचं गाठोडं वहिनीच्या उशाशीच होतं.

"माहेरचं पानी, आन् हात सासरचा!" काकूला आता आयतंच सापडलं होतं. "तुयी माय भेटली अंजनगावले तं सांगतो तिले. तुयी पोरगी मीठ टाकाले विसरली म्हणून."

वहिनी आधी ओशाळली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. ती अशी हसलेली मी कधी पाहिली नव्हती. "बारा-पंधरा वर्स झाले न व काकू," ती म्हणाली. "हाताले आठवनच नाई राह्यली." मग ती पाटावर गेली, ओंजळभर पाणी प्याली, तोंडात घोळवलं, पुन्हा प्याली, आणि तिथेच बसून राहिली. दादाने तिला हाक मारली नाही. आम्ही मीठ कालवून जेवलो.

त्या अळणी वरणाने आमची यात्रा सोपी करून टाकली. डाळ इतक्या लवकर शिजते म्हटल्यावर घाई कशाची? काठाच्या वाटेवर अर्धा दिवस चुलीपाशी जायचा आणि उरलेला अर्धा पळण्यात. इथे सकाळी चालायचं, ऊन चढलं की झाडाखाली चूल मांडायची, पापडखाराशिवाय डाळ पटकन शिजायची, जेवून तास-दीड तास पडायचं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा सावकाश निघायचं. वहिनीच्या चालीने सगळे चालत होतो आणि तरी मुक्काम दिवसाउजेडी गाठत होतो. मी सडक टणक म्हणून निवडली होती. पाण्याचं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दादा म्हणाला, "बी.ए. झाला, पर नशीब बी हाय लेकाचं."

अंजनगाव ओलांडलं आणि वहिनीच्या माहेरचा फाटा आला. तिथे तिचा धाकटा भाऊ उभा होता. सडकेने चाललेल्या कोणीतरी आमची बातमी पुढे नेली होती. भावाने नुसती बातमी ऐकली नव्हती, दमणी जुंपून आणली होती. दमणी म्हणजे आमच्याकडची हलकी, पळणारी बैलगाडी. बैलांच्या गळ्यात घुंगरं, आत गादी.

"बाई, बस," तो म्हणाला. "बहिरमपर्यंत सोडून देतो. पाय पाह्य तुया."

पाय खरंच सुजायला लागला होता. संध्याकाळी ती तो कोमट पाण्यात घालून बसे. मी दादाकडे पाहिलं. तो तिच्या पायाकडे पाहत होता. मला वाटलं, आता ही बसली तर तिला दोष देणारा कोण? नवसाचा नेम लावणारे मोठबा तिकडे लांब नदीकाठी होते. त्यांना कळणारही नव्हतं.

वहिनीने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. गादी दाबून पाहिली. "चांगली हाय रे," म्हणाली. "माय कुठी हाय?"

"घरी. तिनंच पाठवलं."

"मंग रिकामी ने. तिले सांग, येताना बसून येतो. दोन दिवस राह्यतो बी."

"बाई, जिद्द कावून करून राह्यली? तिथं कोन पाहाले येते?"

"मी हाय न," वहिनी म्हणाली.

भाऊ दमणी घेऊन काही अंतर आमच्या मागून आला. घुंगरं वाजत राहिली. एका वळणावर वहिनी थांबली, मागे वळून हाताने 'जा' म्हणाली आणि तेव्हा कुठे तो परतला. त्याने विड्याच्या पानांची मोठी जुडी मात्र काकूच्या हाती दिली होती. काकू परतवाड्यापर्यंत ती चघळत आली आणि त्यामुळे थोडी शांत होती.

परतवाड्यानंतरचा दिवस कठीण गेला. सडक चढाची, घोटा लाल. वहिनी दहा-वीस पावलं टाकी आणि काठीवर रेली. पण वेळ आमच्या हातात होता. प्रत्येक झाडाखाली बसलो. दादाने धोतराचा सोगा फाडून तिचा घोटा घट्ट बांधला, सडकेच्या कडेला, सगळ्यांच्या देखत, जे दादा एरवी कधी करणारा नव्हता. मी तिच्या शेजारून चालत होतो. मनात एकच होतं की माझ्या निवडीने हिचा नवस दुसऱ्यांदा हुकू नये. ती म्हणाली, "बापू, काई बोल न. कालेजात काय शिकवते?" मी तिला इतिहासातली एक लढाई सांगितली. ती मध्येच म्हणाली, "त्याईचं वरन कोन करे?" आम्ही हसलो आणि त्या हसण्यात पुढचं झाड आलं.

ऊन कलायच्या आत बहिरमचे तंबू दिसले. धूर, धूळ, पाळणे, भोंग्यांचे आवाज. वहिनी सडकेवरून उतरली, टेकडीखालच्या त्याच कडुनिंबापर्यंत चालत गेली, काठी त्याच्या बुंध्याला टेकवली आणि खाली बसली. आमचा मेळा अजून आला नव्हता. आम्ही आधी पोचलो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोवऱ्या आणि वांगी घेतली. वहिनी पीठ मळायला बसली तेवढ्यात काकू उभी राहून ओरडली, "आला व, आला! बुढा आला!"

बंडी येत होती. तिच्यात दोघे-तिघे बसलेले. पुढे मोठबा पायी, धुळीने पांढरे झालेले, आणि खांद्यावर पितळेची घागर. जवळ येऊन त्यांनी ती हळूच चुलीपाशी ठेवली. घाम पुसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "वर, पहाडाजवळ पूर्णा सोडली तवा भरून घेतली. बंडीत ठेवली नाई. हिंदकळली असती."

नवसाच्या वरणाला पूर्णेचं पाणी हवं, हा त्यांचा हट्ट होता. आणि ते स्वतः ते खांद्यावरून घेऊन आले होते, आमच्यासाठी, त्यांचा काठ सोडून गेलेल्यांसाठी.

वहिनीने पदर पुढे ओढला, घागरीत वाटी बुडवली आणि चाखली. मग दादाकडे वळली. "हे आपल्या पूर्णेचं हाय? हे तं गोडं हाय!"

मोठबा छताऐवजी आता झाडाकडे पाहत म्हणाले, "वर गोडीच राह्यते ते. खाली येऊन आपल्यासारखी होते."

त्या पाण्यात डाळ शिजली. या वेळी वहिनीने मीठ टाकताना दोनदा चाखलं. आरातून रोडगे निघाले, वांग्याच्या भाजीचा वास सुटला. नैवेद्याचं ताट तिने दोन्ही हातांनी उचललं आणि पायऱ्यांकडे निघाली. काठी कडुनिंबालाच राहिली. टेकडीच्या पायऱ्यांवर ही गर्दी. मी मागून धावलो, पण माझ्याआधी मोठबा पुढे झाले. सुनेला हात लावता येत नव्हता, तिच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून ते तिच्या दोन पायऱ्या पुढे चालले आणि हात पसरून गर्दीवर ओरडत राहिले.

"सरका बे, सरका! बाजूले व्हा! पायी आलेली बाई हाय! बंडी नाई, मोटार नाई, पायानं आलेली हाय!"

लोक वळून पाहत होते आणि वाट देत होते. एका म्हातारीने तर तिच्या पायाला हात लावला. वहिनी एक पायरी उजव्या पायाने चढे, डावा जवळ घेई, पुन्हा उजवा. ताट हललं नाही. वर पोचल्यावर तिने ते देवापुढे ठेवलं आणि मोठबांचा आवाज तेव्हा कुठे थांबला. तो बसला होता.

खाली पंगत बसली. मोठबांनी पहिला घास घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं, आणि म्हणाले, "मीठ बराबर हाय."

वहिनी वाढत होती. ती त्यांच्या पानासमोर थांबली आणि कोणालाही मध्ये न घालता, मी पहिल्यांदाच ऐकलं, सरळ त्यांना म्हणाली, "मामाजी, पुढच्या साली काठानं जाऊ."

मोठबा क्षणभर गांगरले. मग म्हणाले, "बंडी आनाची का?"

"आना. तुमच्यासाठी."

काकूला ठसका लागला. मोठबा इतके हसले की त्यांना पान बाजूला सारावं लागलं.

येताना वहिनी माहेरी राहिली. दादा तिला आणायला गेला आणि मी नोकरीसाठी अकोल्याला आलो. पहिल्याच रविवारी मी तिला पत्र लिहिलं. ते दादाने पुढे अनेक वर्षं भिंतीतल्या देवळीत जपून ठेवलं, म्हणून इथे उतरवता आलं.

अकोला

तीर्थरूप वहिनीस बापूचा साष्टांग नमस्कार.

पत्र दादा वाचून दाखवेल. दादा, सावकाश वाच, मध्ये खोकलू नकोस.

वहिनी, रीत अशी की वहिनीला 'तीर्थस्वरूप' लिहायचं आणि 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना. मला रीत माहीत आहे. मी विचार करूनच लिहिलं आहे.

मी सुखरूप पोचलो. काल खोलीवर वरण केलं. इथलं नळाचं पाणी गोडं आहे हे माझा हात विसरला आणि वरण अळणी झालं. शेजारचे मास्तर जेवायला होते. ते काही बोलले नाहीत, पण मला एकट्यालाच हसू येत होतं आणि ते त्यांना कळेना.

पाय कसा आहे? सूज उतरली का? माहेरच्या माणसांनी शेक दिला असेल. घाईने शेतात जाऊ नकोस. या साली तुझी ओळ दादाने वेचावी असं माझं म्हणणं आहे, ते दादाने स्वतःच वाचलं म्हणजे त्याला कळलंच.

शाळेत भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर पूर्णा काढली. पहाडातून निघते तिथपासून आपल्या गावापर्यंत. मग बहिरमला जायच्या दोन्ही वाटा काढल्या. एका मुलाने विचारलं, गुरुजी, चांगली कोणती? मी सांगितलं, माझी वहिनी पहाडाखालच्या वाटेने पायी पोचली. काठाची वाट कशी आहे ते ती पुढच्या पौषात चालून सांगणार आहे. मुलं म्हणाली, मग आम्हालाही सांगा. मी कबूल केलं आहे. आता तुला चालावंच लागेल.

बहिरमच्या पायऱ्यांवर मी तुझ्या मागेच होतो. तुला काहीतरी म्हणायचं होतं, पण मोठबांच्या आवाजापुढे माझा आवाज कुठे निघतो? ते इथे लिहितो. अमरावतीला पदवीचा कागद हाती आला त्या दिवशी मला आनंद झाला होता, पण तो घेऊन कोणाकडे धावत जावं असं तिथे कोणी नव्हतं. तू वर पोचलीस, ताट ठेवलंस आणि वळून आधी मला शोधलंस, तेव्हा माझा तो आनंद पुरा झाला. मी तुझ्या वेचलेल्या ओळींवर शिकलो, वहिनी. हे मला सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. दादा वाचतो आहे आणि काकू नक्की दारात उभी असेल, तेव्हा म्हणून झालं असं समज.

पुढच्या साली काठाने जाताना पाण्याची घागर मी घेणार. सुट्टीचं आजच हेडमास्तरांच्या कानावर घातलं आहे. रेती आली की तू माझा खांदा धर, तो धरायला तुला रीत आडवी येत नाही. आणि मोठबांना माझा नमस्कार सांगून म्हणावं, बंडीत गादी चांगली जाड घालून ठेवा.

तुझा
बापू